नसलेल्या औषधाचा धडा: फार्माकोकायनेटिक्स पहिल्यांदाच शिकवणार असाल तर

डी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला फार्माकॉलॉजी शिकवायला तुम्ही नव्यानं उभे राहणार असाल, तर पहिल्याच आठवड्यात एक अनुभव ठरलेला. तुम्ही फळ्यावर ‘डायगॉक्सिन’ हे हृदयाच्या औषधाचं नाव लिहिता आणि वर्गभर पानं उलटल्याचा आवाज होतो. हाफ-लाइफ, म्हणजे रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ, किती? कुणीतरी वाचून सांगतं, ‘३६ ते ४० तास.’ एवढी जास्त का? वर्ग गप्प. मग एखादा धीर करून म्हणतो, ‘पुस्तकात तसं दिलंय, सर.’

सांगलीत फार्माकोकायनेटिक्स, म्हणजे औषध शरीरात कसं शिरतं, पसरतं आणि निघून जातं याचा हिशोब, शिकवायला लागलो तेव्हा पहिली दोन वर्षं मी या उत्तरावर चिडत होतो. नंतर लक्षात आलं की चूक पोरांची नाही. खऱ्या औषधाचं नाव दिसलं की त्याच्याबरोबर पाठांतराचं गाठोडं उघडतं आणि विचार करायला जागाच उरत नाही. म्हणून आता मी सुरुवात नसलेल्या औषधापासून करतो. नाव पुस्तकात नाही, मोबाईलवर नाही, ताईच्या जुन्या वहीत नाही. हातात तीन-चार आकडे, बाकी सगळं डोक्यानं काढायचं.

ही युक्ती माझी एकट्याची नाही. सगळा विषयच कल्पनेवर उभा आहे. स्वीडनच्या टॉर्स्टन टिओरेल यांनी १९३७ मध्ये शरीराचे कप्पे कल्पून त्यांतून औषध कसं फिरेल याची गणितं मांडली. ‘फार्माकोकायनेटिक्स’ हा शब्द रूढ झाला तो जर्मन बालरोगतज्ज्ञ फ्रीड्रिख हार्टमुट डोस्ट यांच्या १९५३ च्या पुस्तकामुळे. आख्खं शरीर कल्पून चालतं, तर एक औषध कल्पायला काय हरकत आहे?

खाली मी कसं शिकवतो ते क्रमानं लिहिलंय. साधारण सहा-सात लेक्चरं लागतात. एवढी मिळत नसतील तर आयनीकरणाचा भाग गाळा, बादलीचा गाळू नका.

आधी बारसं करा

औषधाचं नाव ठेवणं ही गंमत वाटते, पण माझी पहिली फजिती तिथेच झाली. एका कल्पित औषधाच्या नावाचा शेवट मी सहज ‘-ओलॉल’ असा केला. विचारलं होतं फक्त क्लिअरन्स, म्हणजे शरीर तासाला किती लिटर रक्त औषधापासून साफ करतं ते. निम्म्या वर्गानं उत्तरात लिहिलं, ‘दम्याच्या पेशंटला देऊ नये.’ बिचाऱ्यांचं काय चुकलं? बीटा-ब्लॉकरची शेपटी मीच लावली होती. तेव्हा ‘-ओलॉल’, ‘-प्रिल’, ‘-मायसिन’, ‘-स्टॅटिन’ अशा शेपट्या टाळा, आणि बाजारातल्या कुठल्या ब्रँडशी नाव जुळत नाही ना, तेही बघून घ्या.

मी जिल्ह्यातल्या नद्यांची नावं देतो: येरळा, अग्रणी, वारणा, माणगंगा. पोरांच्या तोंडात बसलेली असतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. नावाच्या वर फळ्यावर मोठ्या अक्षरात ‘काल्पनिक’ लिहायचं आणि तास संपेपर्यंत पुसायचं नाही. उद्या हीच मुलं मेडिकलच्या काउंटरमागे उभी राहणार आहेत, खोटा डोस डोक्यात घेऊन कुणी तिथं जायला नको.

आता आकडे. हाफ-लाइफचं सूत्र म्हणजे ०.६९३ गुणिले आकारमान (ते पुढे बादलीत कळेल) भागिले क्लिअरन्स. तो ०.६९३ वर्गात ०.७ धरा आणि क्लिअरन्स ७ च्या पटीत ठेवा. भागाकार तोंडी होतो. हे सुचण्याआधी माझी आख्खी लेक्चरं कॅल्क्युलेटर शोधण्यात गेली आहेत.

बादली, दोन वेळा

सूत्र लिहिण्याआधी बादली. प्रयोगशाळेतून मेथिलीन ब्लू आणा. दहा लिटर पाण्याची बादली बाहेरून कागदानं झाकून घ्या, किती पाणी आहे ते सांगू नका. मुलांसमोर त्यात २० मिलिग्रॅम मेथिलीन ब्लूचं द्रावण ओता आणि ढवळा. शेजारी स्टँडमध्ये चार टेस्ट-ट्यूब आधीच तयार ठेवा: लिटरला २, १, ०.५ आणि ०.२ मिलिग्रॅम. आता एका मुलीला बादलीतलं थोडं पाणी ट्यूबमध्ये घेऊन रंग जुळवायला सांगा. दोनच्या ट्यूबशी जुळतो. टाकलं २०, एका लिटरमध्ये सापडलं २, म्हणजे पाणी दहा लिटर. बादलीत न डोकावता तिनं पाणी मोजलं. व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन म्हणतात ते हेच, फक्त तो शब्द अजून उच्चारू नका.

दुसरी बादली तशीच, पण तिच्या तळाशी मलमलच्या कापडात बांधलेला ॲक्टिव्हेटेड चारकोल. तेवढाच रंग टाका, ढवळा आणि थोडा वेळ हजेरी घ्या. कोळसा रंग धरून ठेवतो. आता पाणी जुळतं ०.२ च्या ट्यूबशी. हिशोब पुन्हा करायला लावा. २० भागिले ०.२. शंभर लिटर!

‘बादली तर तेवढीच आहे की ओ सर,’ असं कुणीतरी म्हणतंच. म्हणेपर्यंत थांबा, स्वतः सांगू नका. दहा लिटरच्या बादलीत शंभर लिटर मावतं कसं, हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की निम्मं काम झालं. बादली मोठी झाली नाही, रंग पाणी सोडून कोळशात जाऊन बसला. शरीरात पाणी म्हणजे रक्त आणि कोळसा म्हणजे चरबी, स्नायू, इतर पेशी. रक्तात कमी सापडलं म्हणून जागा मोठी भासते.

कोळसा किती घालायचा ते आदल्या दिवशी करून बघा. मी एकदा मुठीनं घातला, तर पाणी निवळशंख झालं आणि उत्तर आलं अनंत. शिवाय हे उदाहरण कुठं लंगडं पडतं तेही मुलांना सांगून टाका: कोळसा धरलेला रंग सहजी सोडत नाही. शरीरातल्या पेशी मात्र रक्तातली पातळी उतरली की औषध परत देतात. आणि जुना एप्रन घाला.

याच तासात तीन आकडे पाठ करून घ्या, यांना माफी नाही. ७० किलोच्या माणसात प्लाझ्मा (रक्तातला पेशी सोडून उरलेला पातळ भाग) सुमारे ३ लिटर, पेशींबाहेरचं सगळं पाणी धरून १४ लिटर, आणि अंगातलं एकूण पाणी ४२ लिटर. कुठलंही औषध समोर आलं की पहिला प्रश्न हाच: याचं आकारमान, म्हणजे तेच व्हॉल्यूम ऑफ डिस्ट्रिब्यूशन, यांतल्या कशाच्या जवळ बसतं? हेपॅरिन रक्तातच राहतं. जेंटामायसिन पेशींबाहेरच्या पाण्यात. क्लोरोक्विनचा आकडा हजारो लिटरवर जातो. बादली पाहिलेली मुलं त्याला हसत नाहीत.

येरळा: सगळ्यात साधं औषध

आता पहिलं कल्पित औषध. फळ्यावर एवढंच लिहा: येरळा, ४०० मिलिग्रॅम शिरेतून दिलं. लगेचची पातळी लिटरला १० मिलिग्रॅम. ४ तासांनी ५, ८ तासांनी २.५, १२ तासांनी १.२५. शरीरात त्याचं रूपांतर होत नाही, जसंच्या तसं लघवीतून जातं. प्रथिनांना चिकटत नाही.

मुलांकडून काढून घ्यायचं. आकारमान? ४०० भागिले १०, चाळीस लिटर. ४२ च्या जवळ, म्हणजे अंगातल्या सगळ्या पाण्यात पसरलंय. हाफ-लाइफ ४ तास, ती तर दिसतेच आहे. मग क्लिअरन्स: ०.७ गुणिले ४० भागिले ४, तासाला ७ लिटर.

इथं घाई करू नका. क्लिअरन्स म्हणजे ‘तासाला किती औषध गेलं’ असा समज इतका पक्का असतो की तो परीक्षेपर्यंत टिकतो. पहिली बादली परत आणा. एक लिटरचा मग भरून रंगीत पाणी काढा आणि तेवढंच साधं पाणी ओता. हे दहा वेळा करा, दर वेळी पोरांना मोजायला लावा. मगाचं माप दर वेळी एकच, पण त्यातून जाणारा रंग दर वेळी कमी. पहिल्या मगात २ मिलिग्रॅम गेला, दुसऱ्यात १.८, तिसऱ्यात १.६२. साफ होणारं पाणी ठरलेलं, जाणारं औषध मात्र पातळीप्रमाणे बदलतं. सहाव्या आणि सातव्या मगाच्या दरम्यान रंग निम्म्यावर येतो. सूत्रानं ७ येतं, कारण सूत्रात पाणी सतत बदलत असतं आणि आपण मगामगानं बदललं. हा फरक एखाद्या हुशार मुलीनं पकडला तर तिला शाबासकी द्या, बाकीच्यांना त्यात ओढू नका.

आता खरी मजा. निरोगी किडनी मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर प्लाझ्मा गाळते. तासाला किती? ७.२ लिटर. येरळाचा क्लिअरन्स ७. हा योगायोग मीच घडवून आणलेला असतो, पण मुलांना तो स्वतः सापडला पाहिजे. अर्थ असा की किडनी जेवढं गाळते तेवढंच जातंय. वरून भर पडत नाही आणि परत शोषलंही जात नाही. मग विचारायचं: एका आजोबांची किडनी निम्म्यावर आलीय. क्लिअरन्स ३.५, हाफ-लाइफ ८ तास. डोस तोच ठेवून अंतर वाढवायचं, की अंतर तेच ठेवून डोस कमी? दोन गट करा, भांडू द्या.

भांडण रंगात आलं की खरा जुळा दाखवा: जेंटामायसिन. स्वभाव येरळाचाच, न बदलता किडनीतून जाणारं, फक्त पसारा लहान आणि हाफ-लाइफ दोन-तीन तासांची. डॉक्टर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) बघितल्याशिवाय त्याचं वेळापत्रक का ठरवत नाहीत, हे मग समजावून सांगावं लागत नाही.

आलेख साध्या कागदावरही काढून घ्या आणि सेमी-लॉग कागदावरही (ज्याची उभी पट्टी पटीपटीनं चढते). साध्यावर घसरगुंडी, सेमी-लॉगवर सरळ रेघ. त्या कागदाची एक प्रत आणा, झेरॉक्स काढा, काम भागतं.

अग्रणी: एकच गोष्ट बदला

या पद्धतीचा खरा जीव इथं आहे. खरी दोन औषधं शेजारी ठेवली तर त्यांच्यात दहा गोष्टी वेगळ्या असतात, त्यातल्या कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही. कल्पित औषधात तुम्ही एकच खुंटी पिळू शकता.

अग्रणी हे हुबेहूब येरळा. किडनी तीच, क्लिअरन्स तोच तासाला ७ लिटर. फक्त आकारमान ४० ऐवजी ४०० लिटर. हाफ-लाइफ किती होईल? हिशोबाआधी हात वर करायला लावा. बहुतेक वर्ग म्हणतो चारच तास, कारण काढणारी किडनी तर तेवढीच आहे. हिशोब म्हणतो ४० तास. किडनीचा वेग कणभरही कमी झालेला नाही. तिच्यापर्यंत पोचणाऱ्या रक्तात औषधच कमी आहे, बाकीचं पेशींत लपून बसलंय.

इथं डायगॉक्सिन आणा. आकारमान सुमारे ५०० लिटर, हाफ-लाइफ ३६ ते ४० तास. पहिल्या दिवशी ‘पुस्तकात दिलंय’ म्हणणारा वर्ग आता कारण सांगतो.

अग्रणीवरच पुढचा धडा उरकून घ्या. पातळी लिटरला १ मिलिग्रॅम ठेवायची आहे. रोज किती द्यायचं? जेवढं जातं तेवढं: ७ गुणिले १, तासाला ७ मिलिग्रॅम, दिवसाला १६८. फक्त एवढंच देत राहिलो तर पातळी गाठायला चार ते पाच हाफ-लाइफ लागतात, म्हणजे १६० ते २०० तास, जवळजवळ आठवडा. पेशंटला एवढा वेळ नसेल तर? आधी एकदाच ४०० मिलिग्रॅम, आणि मग रोजचा डोस. पहिला डोस आकारमानावरून ठरतो, रोजचा क्लिअरन्सवरून. नवीन शिक्षकांचीही या दोहोंत गल्लत होते, माझी झाली होती.

स्थिर पातळी समजवायला सांगलीत उपमा शोधावी लागत नाही. ऑगस्टमध्ये इथं शाळकरी पोरसुद्धा विचारतं, ‘आयर्विनला पाणी किती फुटांवर?’ आयर्विन हा कृष्णेवरचा पूल; चाळीस फुटांवर इशारा, पंचेचाळीसला धोका. पुलाखाली पाणी थांबलेलं नसतं, वाहतच असतं; येणारं आणि जाणारं सारखं झालं की पट्टीवरचा आकडा हलत नाही. कोयनेतून विसर्ग वाढवला की पातळी चढते, पण लगेच नाही, आणि चढली की जाणारं पाणीही वाढतं, म्हणून कुठंतरी नव्या आकड्यावर ठरते. औषधाचंही तसंच. डोस दुप्पट केला तर पातळी दुप्पट होते, पण तिथं पोचायला लागणारा वेळ तेवढाच राहतो. वर्गात हे वाक्य दोनदा म्हणा.

वारणा: तोंडातून दिलं की वाटेत नाका

आता लिव्हर. वारणा आतड्यातून पुरतं शोषलं जातं, पण त्याला फक्त लिव्हर काढतं, तासाला ६० लिटर. लिव्हरला रक्त मिनिटाला दीड लिटर येतं, म्हणजे तासाला ९०. नव्वदातले साठ साफ, तर एका फेरीत दोन तृतीयांश औषध कापलं जातं. आतड्यातून निघालेलं रक्त आधी लिव्हरमधून जातं आणि मग अंगात पसरतं. त्यामुळे गिळलेल्या ९० मिलिग्रॅममधले ३० च पुढे पोचतात. शिरेतून ३० दिले असते तर तेवढ्यावरच भागलं असतं.

इथली माझी फजिती ऐका, म्हणजे तुमची टळेल. ०.७ गुणिले २०० भागिले १४० बरोबर १, हाफ-लाइफ गोल एक तास, म्हणून मी एकदा असल्याच एका औषधाचा लिव्हरचा क्लिअरन्स तासाला १४० लिटर लिहून टाकला. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उठला. ‘सर, लिव्हरला रक्तच नव्वद लिटर येतं म्हणालात. मग ते एकशेचाळीस साफ कुठनं करतंय?’ वर्ग हसला, मीही हसलो, पण घरी जाऊन सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिका तपासल्या. कल्पित औषधाला वाट्टेल ते आकडे देता येत नाहीत. शरीर खरं आहे, त्याच्या मर्यादा पाळाव्याच लागतात. तो चुकीचा प्रश्न मी आता मुद्दाम विचारतो: ‘या औषधात काय गडबड आहे?’ माझ्या मते सगळ्या मालिकेत यासारखा प्रश्न नाही.

त्यानंतर लिव्हर खराब करा. कापण्याची ताकद दोन तृतीयांशावरून एक तृतीयांशावर आली. क्लिअरन्स ६० वरून ३०, म्हणजे शिरेतून दिलेल्या औषधाचा एकूण मारा दुप्पट. वर्ग इथं थांबतो. तोंडातून दिलेल्याचं काय? पहिल्या फेरीतून आता एक तृतीयांशाऐवजी दोन तृतीयांश सुटतं, म्हणजे आत येणारं दुप्पट. आणि आत आल्यावर जाण्याचा वेग निम्मा. दुपटीची दुप्पट, चौपट. हा हिशोब फळ्यावर तुम्ही करू नका, दोघादोघांना करू द्या. चौपट हा आकडा स्वतः काढलेला मुलगा लिव्हरच्या पेशंटचं प्रिस्क्रिप्शन पुन्हा तसंच हातावेगळं करत नाही.

जुळे द्यायला घरातलीच उदाहरणं पुरतात. छातीत दुखलं की आजी जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवते, गिळत का नाही? तोंडातल्या शिरा लिव्हरचा नाका टाळून थेट हृदयाकडे जातात म्हणून. दुसरं, प्रोप्रॅनोलॉल: गोळी १० किंवा ४० मिलिग्रॅमची, पण शिरेतून देताना १ मिलिग्रॅमच्या हिशोबात बोलतात. सगळाच फरक या पहिल्या फेरीचा नव्हे, पण मोठा वाटा तिचा. उलट बाजूही दाखवा: क्षयाच्या उपचारातली रिफाम्पिसिन लिव्हरचे औषध मोडणारे एन्झाइम वाढवते, त्यामुळे गर्भनिरोधक गोळी लवकर निघून जाते आणि तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. काउंटरवर हे लक्षात ठेवणारा फार्मासिस्ट एखाद्या ताईला मोठ्या अडचणीतून वाचवेल.

आयनीकरण, थोडक्यात

वेळ असेल तर एक दुबळं आम्ल कल्पा, पीकेए (ज्या पीएचला निम्मे रेणू आयन होतात तो आकडा) ४.४. रक्ताचा पीएच ७.४, फरक ३, म्हणजे आयन नसलेला एक रेणू तर आयन झालेले हजार. लघवी ५.४ ला असताना हेच प्रमाण एकास दहा. लघवी अल्कली करून ७.४ ला नेली की एकास हजार, आणि आयन झालेला रेणू नळीतून परत शोषला जाऊ शकत नाही. ॲस्पिरिन फार झालेल्या पेशंटला सोडियम बायकार्बोनेट का देतात, ते यातून निघतं. एवढं पुरे.

माणगंगा: कारखाना भरला की

आतापर्यंतच्या औषधांत पातळी वाढली की जाणंही वाढत होतं. माणगंगाचं तसं नाही. लिव्हर तिला दिवसाला जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम काढू शकतं, आणि पातळी लिटरला ५ मिलिग्रॅम असते तेव्हा त्याच्या निम्मं.

सूत्राआधी मी विचारतो, घरी ऊस कुणाकुणाचा आहे? पाऊण वर्ग हात वर करतो. कारखान्याचं गाळप दिवसाला पाच हजार टन. साडेचार हजार आला तर? रात्रीपर्यंत यार्ड मोकळं. साडेपाच हजार आला तर? पलूसकडची एक मुलगी म्हणाली, ‘पाचशे टनाच्या ट्रॉल्या गेटवर मुक्कामाला. आणि रोज तेवढाच येत राहिला तर हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत रांग वाढतच जाणार की ओ.’ तिनं सांगितलं त्यात मला भर घालायला काही उरलं नाही.

मग सूत्र: स्थिर पातळी बरोबर ५ गुणिले रोजचा डोस, भागिले ५०० वजा रोजचा डोस. प्रत्येक बाकाला एक डोस वाटून द्या. ३०० चा बाक सांगतो ७.५. ४०० चा सांगतो २०. ४५० चा सांगतो ४५, आणि शेजारचे त्याचा हिशोब तपासायला धावतात. ५०० चा बाक गप्प बसतो, कारण खाली शून्य आलंय. हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि काही न बोलता अर्धा मिनिट थांबा. ३०० वरून ४०० करताना डोस तिसऱ्या हिश्श्यानं वाढला, पातळी मात्र अडीच पटीच्या वर गेली. आणि पुढच्या नुसत्या ५० मिलिग्रॅमनं २० ची ४५ झाली.

खरा जुळा फेनिटॉइन. फिटच्या पेशंटला ते देताना रक्तात लिटरला १० ते २० मिलिग्रॅम राखायचं असतं. ही पट्टी केवढी अरुंद आणि वरचा चढ केवढा खडा, ते आता फळ्यावरच दिसतं. दारूचंही असंच, थोड्या प्रमाणापलीकडे ती तासाला ठरावीक वेगानंच जाते. काळी कॉफी पाजून कारखान्याचं गाळप वाढत नाही.

आता औषध त्यांना बनवू द्या

शेवटचं एक लेक्चर पूर्ण मोकळं ठेवा. चार-चार जणांचे गट करा आणि गरज सांगा: ऊसतोडीला गेलेला माणूस, दवाखाना लांब, गोळी दिवसातून एकदाच घेणार. आकारमान, क्लिअरन्स, पोटातून शोषण, सगळं तुम्ही ठरवा. फक्त शरीराच्या मर्यादा मोडायच्या नाहीत.

एका गटानं ऐटीत २०० तासांची हाफ-लाइफ ठेवली. रोज कशाला, आठवड्यातून एकदाच घ्या! दुसऱ्या गटातल्या मुलीनं एवढंच विचारलं, ‘आणि अंगावर पित्त उठलं तर?’ औषध अंगातून निघून जायला साधारण पाच हाफ-लाइफ, म्हणजे हजार तास, एक्केचाळीस-बेचाळीस दिवस. गटानं वही बंद केली आणि पुन्हा सुरुवात केली. मी त्या वेळी खिडकीपाशी उभा होतो, एक शब्द बोललो नव्हतो.

वेळ उरला तर इथल्याच मालाला हे प्रश्न लावून बघा. हळदीच्या पेठेत राहून कर्क्युमिनला सोडायचं नाही. हळदीत ते साधारण २ ते ५ टक्के. पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फारसं शिरत नाही, आणि जे शिरतं त्याला आतड्याची भिंत आणि लिव्हर लगेच ग्लुक्युरोनाइड नाहीतर सल्फेट जोडून बाहेर काढण्याजोगं करून टाकतात. वारणाचा नाका इथं दोनदा. १९९८ मध्ये छापून आलेल्या भारतीय अभ्यासात २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरीन २० मिलिग्रॅम दिल्यावर माणसांत त्याची उपलब्धता वीस पटींनी वाढलेली दिसली. मुलांना दोन प्रश्न टाका. जवळपास शून्याच्या वीस पट म्हणजे किती? आणि जे पायपरीन कर्क्युमिनचा नाका सैल करतं, ते पेशंटच्या दुसऱ्या गोळ्यांचाही सैल करणार नाही कशावरून? कॅप्सूल मागायला आलेल्या काकांना आधी ‘दुसरी कुठली औषधं चालू आहेत?’ विचारायचं, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

परीक्षेत पाठ करून येणारा प्रश्न ठेवू नका. नवं नाव, तीन आकडे आणि एक पेशंट, बस. आकड्यांची गल्लत झाली पण कारण बरोबर असेल तर मी निम्म्याहून जास्त गुण देतो. आकडा बरोबर आणि कारण कोरं असेल तर देत नाही. यावर स्टाफरूममध्ये वाद होतात, होऊ द्या.

आणि दर वर्षी नावं बदला, आकडेही. गेल्या वर्षी मी फळ्यावर नुसतं ‘अग्रणी’ लिहिलं, खडू अजून हातातच होता, तोवर मागून आवाज आला, ‘चाळीस तास, सर.’ माझ्या नसलेल्या औषधाच्या नोट्स कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे वीस रुपयांना मिळत होत्या. यंदा गडांची नावं घेतलीत, मच्छिंद्रगडापासून सुरुवात.